जासई लाइनवरची सोळा मिनिटं

पनवेलच्या बाजारात काही लोक मला अजूनही 'नेटवाल्या बाई' म्हणून हाक मारतात. परवा भाजीवालीने मेथीची जुडी हातात देता देता आपला मोबाइल माझ्यापुढे धरला आणि व्हिडिओ का अडकतो ते विचारलं. ते काम सोडून मला बरीच वर्षं झाली. पण निवृत्त डॉक्टरला लग्नाच्या पंगतीत जीभ दाखवणारे भेटतातच, त्यातलाच हा प्रकार.

आम्ही इंटरनेट विकायचो. म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना मी सांगायचे तेच इथे सांगते. मोठ्या कंपनीकडून आम्ही जाडजूड लाइन घाऊक भावात घ्यायचो आणि तिचे पातळ पातळ फाटे करून घराघरांत द्यायचो. शंभर घरांना मिळून जेवढं लागेल तेवढं आम्ही कधीच विकत घेत नसू. सगळे एका वेळी वापरणार नाहीत या भरवशावर धंदा चालायचा. दुधात पाणी घालण्यासारखंच हे, फक्त आमच्या धंद्यात ते रीतसर होतं. संध्याकाळी सगळे एकदम नेटवर आले की दूध संपायचं आणि आमचे फोन वाजायला लागायचे.

आमचे मालक दादा. मूळचे शेतकरी. जमीन शहरासाठी गेली, तिच्या बदल्यात प्लॉट मिळाला, तो विकून त्यांनी आधी केबल टीव्ही टाकला आणि मग इंटरनेट. दादांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नसे, पण माणूस कळायचा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसले होते, तर पनवेलच्या लाइन आळी भागातल्या त्यांच्या ऑफिसात मला बसवून म्हणाले, "मशीन तू बघ, गिऱ्हाईक मी बघतो." काही वर्षांत दोन्ही माझ्याच गळ्यात आलं. बाहेरचं काम सलीमभाई बघायचे. इमारतींच्या गच्च्यांवरून वायरी नेणं, उंदरांनी कुरतडलेल्या जोडणं, संक्रांतीत मांजाने कापलेल्या शोधणं हे सगळं त्यांचं. साठीला आलेला तो माणूस पाण्याच्या टाकीवर असा चढायचा की खाली उभी राहून मीच डोळे मिटून घ्यायचे.

पॅक ठरवायचं काम माझं होतं आणि त्याचा मला फार तोरा होता. सादा, मध्यम आणि एक्स्प्रेस. साद्यावाल्याला थोडं, एक्स्प्रेसवाल्याला भरपूर. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती, बासमती आणि कोलम एका भावात मिळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मशीनमध्ये याहून पुढची एक सोय होती. कुणाची लाइन आधी सोडायची, कुणाची मागे ठेवायची, कोणत्या प्रकारचा वापर दाबायचा, हे सगळं मला खुर्चीत बसून ठरवता यायचं. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. त्याला वाटायचं, आज नेट स्लो आहे.

हे ज्यांना पहिल्यांदा कळलं ते दामले काका. निवृत्त पोस्टमास्तर, सादा पॅक. परदेशातल्या कुणाकुणाशी नेटवर बुद्धिबळ खेळायचे. एकदा तरातरा ऑफिसात आले. म्हणाले, "मी घोडा हलवतो, तो समोर पोचतच नाही, माझं घड्याळ मात्र पळतं. आठवड्यात चार डाव वेळेवर हरलो." मी त्यांना पॅक वाढवायला सांगितलं. काका खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्याकडे साधं पत्र उशिरा जायचं आणि स्पीड पोस्ट लवकर. पण स्पीड पोस्ट आलं म्हणून साधं पत्र थैलीतून काढून बाजूला ठेवलेलं नाही मी कधी." मी हसले आणि त्यांना चहा पाजला. काका गेल्यावर सलीमभाईंना त्यांच्या घोड्याची नक्कलही करून दाखवली. आज त्याची लाज वाटते.

आता मुख्य गोष्ट.

नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे नेटवर कुणाला पुढे-मागे न ठेवणं, हा शब्द वर्तमानपत्रांत यायला अजून साधारण वर्ष होतं. आम्ही उरण रस्त्याकडे, जासईला लाइन नेली. तिकडे कंटेनरची आवारं वाढत होती आणि प्रत्येक आवाराभोवती ऑफिसं. केबल नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून उलव्यातल्या उंच इमारतीवरून टप्पा घेऊन हवेतून सिग्नल पाठवला. तो झेलणारी डिश कुठे तरी उंचावर बसवावी लागते. ती बसली अण्णांच्या गच्चीवर. अण्णा म्हणजे तिकडचे मोठे कंत्राटदार. मजूर पुरवणं, ट्रेलर, साफसफाई, जे म्हणाल ते. गच्चीचं भाडं त्यांनी घेतलं नाही. दादांना म्हणाले, "भाडं कसलं, घरचंच काम. फक्त माझ्या ऑफिसची लाइन सगळ्यांच्या पुढे ठेवा." आमच्या धंद्यात हे सर्रास चालायचं. गच्ची ज्याची, लाइन त्याची पुढे.

मी त्यांच्यासाठी नियम लिहिला. अण्णांच्या ऑफिसने मागितलं की आधी त्यांना, उरलं तर बाकीच्यांना. असा नियम लिहिताना प्रत्येकासाठी खाली थोडं राखून ठेवायचं असतं, म्हणजे पुढच्याने कितीही ओढलं तरी मागच्याला घोटभर मिळतंच. घरी येणाऱ्या बाजूला मी ते राखलं. घरातून जाणाऱ्या, म्हणजे अपलोडच्या बाजूला, साद्या पॅकसाठी, राखलं नाही. सलीमभाईंनी तेव्हा विचारलंही होतं. मी म्हणाले, "सादावाले फक्त बघतात हो, सलीमभाई. पाठवायचंय काय त्यांना?"

हे माझं वाक्य आहे. दादांचं नाही आणि अण्णांचंही नाही.

जासईच्या त्या लाइनवर दोनशे घरं होती. त्यातलं एक हिराताई घरतांचं. बंदराकडे एका सरकारी गोदामाच्या आवारात हिराताईंचा बचत गट कॅन्टीन चालवायचा. नऊ बायका. तांदळाची भाकरी, मच्छीचं कालवण, सुकट, वरणभात. ट्रेलरवाले पंजाबी ड्रायव्हरसुद्धा तिथे भाकरी खायला शिकले होते. हे सगळं तात्पुरत्या परवानगीवर चाललं होतं. मग वरून हुकूम आला की यापुढे कॅन्टीन ऑनलाइन निविदेने द्यायचं. हिराताईंनी हातपाय गाळले नाहीत. त्यांची सून प्रणाली बी.कॉम. झालेली, तिने डिजिटल सही काढून घेतली, कागद स्कॅन केले आणि आमचा सादा पॅक घेतला. यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. माझ्याकडे यादीत फक्त 'घरत, जासई, सादा' एवढीच नोंद होती.

निविदा भरणाऱ्यांची एक रीत आहे. कुणीही आधी भरत नाही. शेवटच्या तासात भरायची, कारण आधी भरली तर दर फुटतो अशी सगळ्यांची खात्री असते. ऑनलाइन आल्यावर दर फुटायचं तसं कारण उरलं नव्हतं, पण रीत मोडत नाही. बायकांनीही मोठ्यांचं बघून तेच केलं. मुदत दुपारी तीनची होती.

त्या दिवशी दीडच्या सुमारास, मी डबा उघडत होते तेव्हा, अण्णांच्या ऑफिसातून फोन आला. दोन ते तीन लाइन एकदम मोकळी पाहिजे, महत्त्वाचं काम आहे. मी म्हणाले, नियम आहेच, काळजी नको. डबा खाल्ला.

दोन वाजून दहा मिनिटांनी प्रणालीचा पहिला फोन. फाइल जाता जाता अडकली आहे, काही करता येईल का? आवाज दबका आणि फार सभ्य होता. मी पडद्याकडे बघितलंही नाही. तक्रारीच्या फोनला आमचं एक ठरलेलं उत्तर होतं, तेच दिलं. मोडेम बंद करा, दोन मिनिटं थांबा, परत चालू करा. दहातल्या सहा तक्रारी त्यानेच मिटायच्या. उरलेल्या चार गिऱ्हाइकांना निदान काही तरी केल्याचं समाधान मिळायचं.

तिने मोडेम बंद केला. त्याबरोबर अर्धी गेलेली फाइल गेली, सरकारी साइटने तिला बाहेर काढलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

दोन पंचवीसला दुसरा फोन. या वेळी प्रणालीच्या हातून हिराताईंनी घेतला होता.

"मॅडम, मी हिराताई बोलतंय, जासईवरना. आमचं टेंडर हाय कॅन्टीनचं. तीनला बंद व्हतंय. नऊ घरांची चूल हाय त्याच्यावर. फाइल जागची हलत नाय. तुमी जरा बघा ना."

आता मी बघितलं. पडद्यावर प्रत्येक घराची एक रेघ असते. घरत यांची जाणारी रेघ तळाला चिकटून सपाट पडली होती. त्यांचीच नाही, जासईच्या सगळ्याच साद्यांची. आणि अण्णांच्या ऑफिसची रेघ वर छताला टेकली होती. गोदामांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ते वाशीच्या ऑफिसला पाठवायचे, तेच चालू असणार. जाणारी सगळी वाट एकट्याने भरून टाकली होती. ते त्यांनी नेमकं त्याच तासाला मुद्दाम लावलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. मी हिराताईंना विचारलं, टेंडर अजून कुणी भरतंय का? त्या म्हणाल्या, "अण्णांनी भरलंय. सगल्या गावाला ठाव हाय."

मी म्हणाले, बघते. फोन ठेवला.

नियम काढायला दोन क्लिक लागतात. वाचकांनी हे लक्षात ठेवावं, कारण ते मीही विसरू शकत नाही. दोन क्लिक.

मी दादांना फोन लावला. ते ओवे गावात कुणाच्या तरी साखरपुड्यात होते, मागे बँजो वाजत होता. मी ओरडून सगळं सांगितलं. दादा बँजोपासून जरा लांब गेले. मग म्हणाले, "डिश त्याच्या गच्चीवर हाय. त्यानं उद्या उतरवली तं दोनशे घरं बंद. धरलं तं चावतंय, सोडलं तं पलतंय. तुला काय करायचं ते कर. मना इचारू नको."

दोन एकतीस.

आता वाटतं, दादांनी मला मोकळं सोडलं होतं. तेव्हा वाटलं, अंगावर ढकललं. मी पडद्याकडे बघत बसले. दोनशे घरं बंद पडली तर फोन मला येणार. अण्णांनी दादांचं पुढचं काम अडवलं तर बोल मला लागणार. आणि एक विचार असाही आला, तो लिहायला लाज वाटते तरी लिहिते. नियम सगळ्यांना सारखा आहे, अण्णांनी त्याची किंमत गच्चीने चुकवली आहे, घरतांनी सादा पॅक घेतला त्याला मी काय करणार? इतकी वर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलेलं मी आता स्वतःलाच ऐकवत होते.

सलीमभाई दारात उभे होते. शिडी अजून खांद्यावरच होती. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. घड्याळाकडे बघून म्हणाले, "मॅडम, खुदा के लिए, काहीतरी करा. नाही करायचं तर त्या बाईला तसं सांगून टाका. ती तिकडे आस लावून बसली आहे."

तेवढ्यात तिसरा फोन वाजला. मी उचलला नाही. तो वाजून वाजून थांबला.

दोन एक्केचाळीसला मी नियम काढला. अण्णांची रेघ खाली आली आणि घरतांची तळापासून उठली. मग मी त्यांचा पॅकही उघडला, जेवढं होतं तेवढं त्यांना दिलं आणि मीच प्रणालीला फोन करून सांगितलं, आता पाठव. चार मिनिटांत कागदपत्रांची फाइल गेली. दोन पंचेचाळीस. मला वाटलं, जमलं. सलीमभाईंनी शिडी खाली ठेवली.

पण निविदेत कागदांनंतर दराचं पान वेगळं चढवायचं असतं, त्यावर पुन्हा डिजिटल सही आणि सगळ्यात शेवटी एक बटण दाबून ते पक्कं करायचं. ते दाबलं नाही तर आधीचं सगळं फुकट. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत जिल्हाभरचे कंत्राटदार आपापली टेंडरं घेऊन त्याच साइटवर तुटून पडलेले. आमच्याकडची वाट मोकळी झाली होती, पुढे सरकारी दारात गर्दी. ती गर्दी माझ्या हातातली नव्हती. प्रणाली फोन चालू ठेवून एकेक पायरी सांगत होती. दराचं पान चढलं, दोन त्रेपन्न. साइटने सही मागितली, दोन पंचावन्न. सही घेतली नाही, परत मागितली. पलीकडे बायकांचे आवाज येत होते, मग तेही थांबले. दोन एकोणसाठला प्रणाली म्हणाली, "शेवटचं बटण दाबलंय, मॅडम. गोल फिरतंय."

ते फिरतच राहिलं. मग ती म्हणाली, "मुदत संपली असं आलंय."

फोन कुणी ठेवला ते आठवत नाही. इथे मधल्या काळात अण्णांच्या ऑफिसचे चार मिस्ड कॉल येऊन पडले होते.

दुसऱ्या दिवशी हिराताई सुनेला घेऊन पनवेलला ऑफिसात आल्या. मी भांडणाची तयारी ठेवली होती. त्या भांडल्या नाहीत. त्यांना टेंडरच्या साहेबांकडे अर्ज करायचा होता आणि त्याला जोडायला आमचं पत्र हवं होतं, की त्या वेळात लाइन बंद होती. 'तांत्रिक बिघाड' असं लिहून मोकळं होता आलं असतं. प्रणालीलाही तेवढंच अपेक्षित होतं. मी कंपनीच्या लेटरहेडवर लिहिलं, की दोन ते दोन एक्केचाळीस या वेळात या ग्राहकाची जाणारी लाइन आमच्या नियमामुळे, दुसऱ्या एका ग्राहकाला पुढे ठेवल्यामुळे, बंद राहिली. खाली माझी सही केली. संध्याकाळी दादांना प्रत दाखवली.

"लेटरहेडवर लिवलंस?"

"हो."

"सई कोनाची?"

"माझी."

दादा बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस." इतकंच. पुढचे आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पत्राचा उपयोग झाला नाही. निविदेच्या अटींत छापलेलंच असतं, की इंटरनेट चालू ठेवणं ही भरणाऱ्याची जबाबदारी. कॅन्टीन अण्णांना मिळालं. अण्णांनी नऊतल्या चार बायकांना रोजंदारीवर परत कामाला घेतलं, त्याच चुलींवर. मुदत संपल्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी आमची डिश गच्चीवरून उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवली. सलीमभाईंनी फिरून फिरून दुसरी गच्ची मिळवली. नऊ दिवस दोनशे घरं बंद होती. पंधरा-वीस जणांनी शिव्या घातल्या, तिघांनी कनेक्शन सोडलं. ज्या गोष्टीच्या भीतीने मी सोळा मिनिटं हात बांधून बसले, ती एवढीच निघाली.

त्यानंतर मी सगळे नियम नव्याने लिहिले. कुणालाही कितीही पुढे ठेवा, शेवटच्या घरासाठी दोन्ही बाजूंना थोडं राखूनच. पुढल्या वर्षी पेपरांत नेट न्यूट्रॅलिटीवर रकाने भरायला लागले. खारघरमधल्या कॉलेजच्या मुलांनी मला चर्चेला बोलावलं. स्टेजवरचे वक्ते मोठ्या कंपन्यांना झोडपत होते आणि मुलं टाळ्या वाजवत होती. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी पॅक कसे करतात ते समजावून सांगितलं आणि खाली बसले. जासईचं तोंडातून निघालं नाही.

ते निघालं हिराताईंपुढेच. नवी डिश नीट बसली का ते बघायला मी एका दुपारी जासईला गेले होते. हिराताई अण्णांकडे कामाला गेल्या नव्हत्या. रस्त्याच्या कडेला, ट्रेलर थांबतात तिथे, त्यांनी हातगाडी लावली होती. सात-आठ ड्रायव्हर ताटं घ्यायला उभे होते. मला बघून पुढचा एक जण अदबीने बाजूला झाला. हिराताई तव्यावरची नजर न काढता त्याला म्हणाल्या, "त्या मागना आल्यात. नंबर आला की त्यांना."

मी मागे जाऊन उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना दिलं तेच ताट मला दिलं, दोन भाकऱ्या आणि कालवण. मग हात पदराला पुसत म्हणाल्या, "मॅडम, एक इचारू? त्या दिशी तुमी फोन ठेवला, त्याच्या मागारी. आमचं अडकलेलं तुमाला तिथं बसून दिसत व्हतं?"

"हो," मी म्हणाले. "दिसत होतं."

त्यांनी मान हलवली. मागच्या ड्रायव्हरसाठी ताट उचललं.

"मना वाटलेलं, दिसत नसंल."